संगणक : टेबलावरचा की मांडीवरचा?

‘जागा घेणे’ हा मराठीतला मोठा मजेदार शब्दप्रयोग आहे. निवृत्त झालेल्या शिक्षकांची जागा नवे शिक्षक घेतात, आणि नवे कपाट आणले की तेही खोलीत जागा घेते. पहिल्या जागा घेण्यात वारसा आहे, दुसऱ्यात अडचण. हल्ली संगणकाच्या दुकानात गेले की एक भारदस्त लॅपटॉप दर्शनी भागी मांडलेला असतो. पडदा सोळा-सतरा इंची, कळांखाली रंगीत दिवे. आणि दुकानदार अभिमानाने सांगतो, ‘हा डेस्कटॉपची जागा घेतो.’ इंग्रजीत अशा यंत्राला ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ असेच नाव आहे. चित्र, ध्वनी आणि चलच्चित्र यांचे काम त्यावर जोरात चालत असले की तो ‘मल्टिमीडिया लॅपटॉप’ होतो. तो जागा घेतो हे खरेच. पण कोणत्या अर्थाने, हा प्रश्न लाखभर रुपये मोजण्यापूर्वी विचारायला हवा. मी तो विचारला नव्हता, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

माझे घर राखोलीला, सिल्वासाजवळ, दमणगंगेच्या काठी. दादरा आणि नगर हवेलीचा १९५४ सालचा मुक्तिसंग्राम मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत उतरले होते, हेही ठाऊक असते. पुढे करसवलतींमुळे येथे कारखाने आले आणि कारखान्यांमागोमाग कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या, हा भाग मात्र कमी सांगितला जातो. आम्ही त्या दुसऱ्या भागातले. एक खोली, मागे मोरी, पुढे ओटा. या खोलीत टेबल एकच होते आणि त्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप होता. आईने त्याला जुन्या चादरीचे आवरण शिवले होते. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपले की मी आवाज बंद ठेवून त्यावर काम करायचो. दुपारी धाकटी बहीण अभ्यास करायची. संध्याकाळी शेजारची मुले परीक्षेचे अर्ज भरायला यायची. तो संगणक कोणाचा, असे कोणी विचारले असते तर आम्हाला उत्तर सुचले नसते. पाण्याचा माठ कोणाचा असतो?

महाविद्यालयात मी चलच्चित्र-संकलनाचा विषय घेतला आणि त्या जुन्या यंत्राचे दिवस भरले. बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली. वापीच्या दुकानातून आम्ही एक जाडजूड, शक्तिमान लॅपटॉप आणला आणि जुना डेस्कटॉप बदल्यात देऊन टाकला. ‘आता हा त्याची जागा घेणार,’ असे मीच घरी ऐटीत सांगितले होते. जून महिन्यात मी वसतिगृहात आलो आणि लॅपटॉप अर्थातच माझ्याबरोबर आला. घरी टेबल रिकामे झाले. बहिणीच्या हातात उरला एक मोबाईल. त्याच्या चार बोटे रुंद पडद्यावर ती बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आकृत्या पाहू लागली. ती तक्रार करणारी मुलगी नाही. ‘दादा, तू ये तेव्हा माझा प्रकल्प टाईप करू,’ एवढेच ती फोनवर म्हणाली. पण त्या एका वाक्याने माझी ऐट उतरली.

येथे कोणी म्हणेल, ही तुमच्या घरची गोष्ट झाली. यंत्राचा त्यात काय दोष? यंत्राचा दोष नाहीच. परंतु यंत्राचा स्वभाव समजून न घेता ते विकत घेणे हा आपला दोष आहे. म्हणून आधी तो स्वभाव पाहू.

आपल्याकडचा आरंभीचा एक मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झाला. ‘टिफ्रॅक’ हे त्याचे नाव, आणि त्याला राहायला मोठी खोली लागे. तेथून माणसाची सारी धडपड संगणक लहान करण्याची. ॲलन के या अमेरिकन संशोधकाने १९७२ साली मुलांना वहीसारखा जवळ बाळगता येईल अशा संगणकाची कल्पना मांडली. १९८१ साली ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेण्याचा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, आणि बॅटरी मुळात नव्हतीच. पुढे लॅपटॉप हलके होत गेले. पण त्याच वेळी दुसरा प्रवाह उलट दिशेने निघाला. २००६ साली डेल कंपनीने २०.१ इंची पडद्याचा, आठ किलोंहून अधिक वजनाचा ‘लॅपटॉप’ काढला. तो मांडीवर घेणाऱ्याच्या मांडीची कीवच करावी! आजची शक्तिमान यंत्रे अडीच-तीन किलोंवर आली आहेत हे खरे, पण त्यांच्यासोबत विटेएवढा ॲडाप्टर येतो, त्याचे वजन वेगळे. राखोलीहून वापी स्टेशन आणि तेथून गाडीच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे वजन कागदावर नव्हे, खांद्यावर कळते.

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्यात खरा भेद आकाराचा नसून उष्णतेचा आहे. संगणकात खर्च होणारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपच्या पेटीत हवा खेळायला जागा असते. तळहाताएवढे मोठे पंखे सावकाश फिरतात आणि काम भागते. लॅपटॉपच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत तेवढीच उष्णता कोंडली तर यंत्र तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणजे पहिली पाच मिनिटे घोडा, नंतर खेचर. दुकानातले प्रात्यक्षिक नेमके त्या पहिल्या पाच मिनिटांत आटोपते!

याच कारणाने एकाच नावाची दोन यंत्रे एक नसतात. एनव्हिडिया कंपनीचे ‘आरटीएक्स ४०९०’ हे चित्रप्रक्रियेचे कार्ड घ्या. डेस्कटॉपसाठी ते २०२२ साली आले; त्यात १६,३८४ गणनघटक, २४ जीबी स्मृती आणि ४५० वॉटपर्यंत विजेची मुभा. पुढच्या वर्षी त्याच नावाने लॅपटॉपसाठी जे आले, त्यात गणनघटक ९,७२८, स्मृती १६ जीबी आणि विजेची नेहमीची मर्यादा १५० वॉटच्या आसपास. आतली चकतीच वेगळी होती. नाव एक, कुळ वेगळे. एवढे महाग कार्ड आपल्यापैकी कोणी घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हाच प्रकार कमी किमतीच्या कार्डांतही चालतो. ‘आरटीएक्स ४०६०’ हे लॅपटॉपचे कार्ड निर्माता आपल्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवू शकतो. दोन लॅपटॉपांवर एकच चिठ्ठी, पण एक पोटभर जेवलेला आणि दुसरा अर्धपोटी. म्हणून कार्डाचे नाव विचारून थांबू नये. ‘याला किती वॉट दिले आहेत?’ हेही विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर निर्मात्याच्या माहितीपत्रकात ते शोधावे.

मग असा लॅपटॉप घेऊच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. ज्याचे एक पाऊल घरी आणि एक वसतिगृहात आहे, ज्याला संकलनाचे किंवा रेखाटनाचे जड काम करायचे आहे आणि ज्याच्याकडे एकाच यंत्राचे पैसे आहेत, त्याला दुसरा इलाज नाही. शिवाय आषाढात आमच्याकडे वीज गेली की डेस्कटॉप डोळे मिटतो आणि अर्ध्या तासाचे काम घेऊन जातो. लॅपटॉपला पोटातच बॅटरी असल्याने निदान काम साठवून बंद करण्याइतकी सवड मिळते. मात्र हा लॅपटॉप नाइलाज म्हणून घ्यावा, मिरवण्याची वस्तू म्हणून नव्हे; आणि तो डेस्कटॉपची जागा घेणार असेल, तर त्याला डेस्कटॉपच्याच कसोट्या लावाव्यात. हलकेपणा, चकचकीतपणा, रंगीत दिवे या कसोट्या त्याच्या कामाच्या नाहीत.

पहिली कसोटी श्वासाची. हवा आत घेण्याच्या आणि बाहेर सोडण्याच्या फटी कोठे आहेत हे उलटून पाहावे. त्या तळाशी असतील तर गादीवर, उशीवर ठेवून काम करणे म्हणजे यंत्राचे नाक दाबणे. आमच्या रस्त्यावर दिवसभर मालमोटारी धावतात. त्यांची धूळ वर्षभरात पंख्यात जाऊन बसते. म्हणून खालचे झाकण साध्या पेचांनी उघडते की नाही आणि जवळच्या गावात ते साफ करून देणारा माणूस आहे की नाही, ही चौकशी आधी करावी. डेस्कटॉपची पेटी आपण घरीच उघडून फुंकर मारत होतो, हे विसरू नये.

दुसरी कसोटी वाढीची. डेस्कटॉप म्हणजे हळूहळू वाढवता येणारे घर. आज एक खोली, उद्या पडवी. पुष्कळ लॅपटॉपांत मात्र रॅम मुख्य पट्टीलाच डाग देऊन चिकटवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. संकलनाच्या कामाला आज १६ जीबी रॅम ही सुरुवात समजावी, आणि ती ३२ करता येईल असे स्लॉट असलेलेच यंत्र घ्यावे. साठवणीचा हिशेब तर कोणालाही करता येईल. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ‘फोर-के’ चित्रण केले, तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. ५१२ जीबीची चकती सारी रिकामी असती तरी अकरा-साडेअकरा तासांत भरली असती. आणि ती कधीच सारी रिकामी नसते. म्हणून दुसरी चकती बसवायला जागा आहे का, हे पाहावे. आणि बाहेरची एक हार्ड डिस्क नक्कल ठेवण्यासाठी किमतीत आधीच धरावी. लॅपटॉप पडतो, भिजतो, चोरीला जातो. डेस्कटॉपला हे सहसा होत नाही.

तिसरी कसोटी पडद्याची. आमच्या भागात वारली घरांच्या भिंतींवर गेरूच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे असतात. त्यांचे मी चित्रण केले आणि माझ्या पडद्यावर गेरू कसाबसा मातकट दिसला. मला वाटले, कॅमेरा चुकला. मी तांबडा रंग वाढवला. तेच चित्रण महाविद्यालयातल्या चांगल्या पडद्यावर लावले तेव्हा भिंत अंगावर येण्याइतकी भडक झाली होती. चूक पडद्याची होती. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेला पडदा नेहमीच्या ‘एसआरजीबी’ रंगपट्ट्यापैकी साधारण ६० टक्क्यांच्या आसपासच रंग दाखवतो. चित्राचे काम करणाऱ्याने ‘एसआरजीबी १०० टक्के’ असेच लिहिलेले पाहावे. कार्ड एक पायरी खालचे चालेल, पण पडदा खालचा चालणार नाही. हिशेब दोन मिनिटे उशिरा झाला तर बिघडत नाही. रंग चुकला तर सारे कामच चुकते.

चौथी कसोटी विजेची. शक्तिमान लॅपटॉपची पुरी शक्ती भिंतीतल्या विजेवर असतानाच मिळते. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपच्या बॅटऱ्या बहुधा १०० वॉट-तासांच्या आतच ठेवतात. ९० वॉट-तासांच्या बॅटरीतून १५० वॉट ओढले, तर ती ३६ मिनिटांत संपेल. म्हणून यंत्र बॅटरीवर असताना आपला हात आखडता घेते. ‘झाडाखाली बसून चित्रपट संकलित करीन’ हे स्वप्न म्हणूनच सोडून द्यावे. उलट, सदैव प्लगला लावून ठेवलेल्या आणि तापलेल्या बॅटरीचे आयुष्य घटते. तेव्हा ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

पाचवी कसोटी लिहिण्याची. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून ती येथे मुद्दाम सांगतो. बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांच्या कळांवर फक्त इंग्रजी अक्षरे असतात. परंतु ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची रचना भारतीय लिप्यांना समान आहे : ज्या कळेवर मराठीचा ‘क’ उमटतो, त्याच कळेवर कन्नडचाही ‘क’ उमटतो. माझ्या खोलीतला मित्र कन्नड विभागासाठी लिहितो. आम्ही दोघांनी मिळून एकच साधा, बाहेरून जोडायचा कळफलक घेतला आणि त्यावर अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या. भाषा बदलली तरी बोटांना नवा रस्ता शिकावा लागत नाही. बाहेरचा कळफलक, बाहेरचा माऊस आणि शक्य झाल्यास बाहेरचा मोठा पडदा यांच्यासह लॅपटॉप उंचवट्यावर ठेवला, की तो खरोखरच डेस्कटॉपची जागा घेतो. मान वाकत नाही, मनगट दुखत नाही. पण मग मघाचे ते टेबल पुन्हा आलेच की!

आता पुन्हा पैशाकडे येऊ. एका भारदस्त लॅपटॉपच्या किमतीत तेवढ्याच जोराचा डेस्कटॉप घेतला, तर बरेचदा काही रक्कम हाती उरते आणि तिच्यात साधा, वापरलेला लॅपटॉप बसू शकतो. जड काम घरी, हलके काम बाहेर, अशी वाटणी ज्याला शक्य आहे त्याने ती अवश्य करावी. मला ती शक्य नव्हती असे मी तेव्हा समजत होतो. आज वाटते, अगदीच अशक्यही नव्हती. संकलनात ‘प्रॉक्सी’ नावाची एक युक्ती आहे : मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या नकला करायच्या, त्यांवर सारे कापणे-जोडणे करायचे आणि शेवटी एकदाच मूळ चित्रण जोडून अंतिम प्रत काढायची. अशाने मध्यम यंत्रही बरेच काम ओढते आणि शेवटची प्रत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढता येते. शक्तीची उणीव थोड्या धीराने भरून निघते. घरातल्या यंत्राची उणीव मात्र धीराने भरून निघत नाही. बारावी त्याच वर्षी असते.

मला जे म्हणायचे आहे ते हेच. डेस्कटॉप हा घराचा असतो, लॅपटॉप हा माणसाचा असतो. एक गेला आणि दुसरा आला तर नुसता आकार बदलत नाही, मालकी बदलते. आणि आपल्याकडच्या घरांत ती मालकी बहुतेक वेळा थोरल्याकडे, शिकायला बाहेर जाणाऱ्याकडे, आणि खरे सांगायचे तर मुलाकडे जाते. मागे राहते ती बहीण, आई, शेजारची मुले. ‘हा डेस्कटॉपची जागा घेतो’ हे दुकानदाराचे वाक्य वेगाच्या बाबतीत थोडेफार खरे असेल, पण घराच्या बाबतीत खरे नाही. वेग, रॅम आणि पडदा यांची चौकशी आपण तास तास करतो. हे यंत्र घरातून गेल्यावर घरी काय उरेल, ही चौकशी कोणी करीत नाही.

मी चूक कशी सुधारली तेही सांगतो, कारण नुसता उपदेश करणे बरे नव्हे. मे महिन्यात मी लग्नांच्या चित्रणांचे संकलन करून थोडे पैसे मिळवले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबवली. ‘विंडोज ११’ न चालणारी जुनी यंत्रे त्या सुमारास पुष्कळ कचेऱ्यांतून बाहेर पडत होती. दिवाळीच्या सुटीत त्यांतलेच एक मी स्वस्तात घेतले, धूळ झाडली, त्यात नवी एसएसडी चकती बसवली आणि फुकट मिळणारी ‘लिनक्स’ प्रणाली घातली. अभ्यास, टंकलेखन, अर्ज भरणे, व्याख्याने पाहणे, सारे त्यावर सुरळीत चालते. चित्रपट संकलित होत नाहीत. पण ते काम माझे आहे, बहिणीचे नाही. तिने पहिल्या दिवशी संगणक सुरू केला आणि तासभर कोणाशी बोलली नाही. आईने ट्रंकेतून जुने चादरीचे आवरण काढले; ते नव्या पडद्याला थोडे ढगळ होते, तरी चालले.

तेव्हा मित्रांनो, शक्तिमान लॅपटॉप घेणार असाल तर जरूर घ्या. वॉट विचारा, स्लॉट मोजा, पडद्यावर गेरूचा रंग पाहा, तळाच्या फटी तपासा. पण हे सर्व विचारण्याआधी, दुकानाची पायरी चढण्याआधी, घरातल्या माणसांना एकदा विचारा : मी हे घेऊन गेलो तर तुम्ही कशावर काम कराल? त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर कोणते यंत्र घ्यावे, हे बहुधा आपोआप ठरते.